व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी : दुष्काळी भागातल्या मुलांना शिकवावी अशी एक सागरी कारकीर्द



थोर व्यक्तींचा परिचय आपण दरवर्षी शिकवतो. जन्म, शिक्षण, कार्य, पुरस्कार, निधन या क्रमानं फळ्यावर मुद्दे लिहितो, मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात. आज ज्या अधिकाऱ्याविषयी लिहिणार आहे, त्यांची माहितीही अशा पाच ओळींत बसू शकते. पण मग त्यातली खरी शिकण्याची गोष्ट बाहेरच राहते. म्हणून इयत्ता पाचवी ते आठवीसाठी हा पाठ जरा वेगळ्या पद्धतीनं मांडला आहे. आधी माहिती, मग वर्गात घेण्याचे उपक्रम आणि शेवटी पालकांसाठी चार शब्द.

हा पाठ कशासाठी?

आपला धाराशिव जिल्हा समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर आत आहे. वर्गात विचारून बघा, समुद्र प्रत्यक्ष पाहिलेली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतील. त्यातलीही बहुतेक सहलीला गणपतीपुळ्याला गेलेली. ज्यांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्या लेकरांना तर पाणी म्हटलं की टँकर आणि हापसाच आठवतो. मोठेपणी काय होणार असं विचारलं तर पोलीस, शिक्षक, तलाठी, डॉक्टर, फार तर लष्करात जवान एवढी उत्तरं मिळतात. ही सगळी चांगलीच कामं आहेत. पण नौदल हा शब्द का येत नाही? बुद्धी कमी पडते म्हणून तर नक्कीच नाही. त्याबद्दल कुणी कधी बोललेलंच नसतं, एवढंच.

मनोहर आवटी यांची गोष्ट नेमकी इथं कामाला येते. भारतीय नौदलातल्या फार वरच्या पदावरून निवृत्त झालेला हा माणूस सातारा जिल्ह्यातल्या, पर्जन्यछायेच्या फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी गावात येऊन राहिला. तिथं राहूनच त्यांनी तरुण अधिकाऱ्यांना एकट्यानं शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या मोहिमेवर धाडलं. समुद्राची ओढ लावायला दारात समुद्र असावाच लागतो असं नाही. त्याविषयी जीव तोडून सांगणारा कुणीतरी मात्र लागतो. हाच या पाठाचा गाभा आहे.

पार्श्वभूमी : नौदल आपलं, प्रमुख मात्र ब्रिटिश

आवटी यांचा जन्म ७ सप्टेंबर १९२६ रोजी सुरत येथे झाला. म्हणजे देश स्वतंत्र झाला तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. त्या काळातलं नौदल कसं होतं हे मुलांना सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळत नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण नौदलाचं प्रमुखपद पुढची जवळजवळ अकरा वर्षं ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच होतं. हॉल, पॅरी, पिझी आणि कार्लिल असे एकामागून एक चार ब्रिटिश प्रमुख झाले. मोठी जहाजं चालवण्याचा, संपूर्ण ताफा हाताळण्याचा अनुभव असलेले आपले अधिकारी तेव्हा मोजकेच होते, हे त्याचं कारण. २२ एप्रिल १९५८ रोजी रामदास कटारी हे नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यांच्यानंतर १९६२ साली भास्कर सदाशिव सोमण हे मराठी अधिकारी प्रमुखपदी आले. पुढे १९८७ ते १९९० या काळात जयंत नाडकर्णी हेही नौदलप्रमुख होते. ही दोन नावं वर्गात आवर्जून सांगावीत.

या ब्रिटिश प्रमुखांपैकी पॅरी यांची एक गंमत मुलांना फार आवडते. डिसेंबर १९३९ मध्ये, दुसरं महायुद्ध सुरू होऊन तीनच महिने झाले असताना, दक्षिण अमेरिकेजवळ 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेशी लढाई झाली. तिच्याशी लढणाऱ्या जहाजांत 'अकिलीस' नावाचं जहाज होतं आणि त्याचे कप्तान होते पॅरी. पुढं १९४८ साली तेच जहाज भारतानं घेतलं, त्याचं नाव 'दिल्ली' ठेवलं, आणि त्याच वर्षी पॅरी भारतीय नौदलाचे प्रमुख झाले! आपलं जुनं जहाज त्यांना नव्या नावानं, नव्या झेंड्याखाली पुन्हा भेटलं.

सांगायचं म्हणजे, आवटी यांची पिढी घडली ती अशा काळात. जहाजं ब्रिटिश बनावटीची, प्रशिक्षणाची पद्धत ब्रिटिश, वरिष्ठही ब्रिटिश. त्यांच्याकडून जे चांगलं ते शिकायचं आणि हळूहळू नौदल आपलं स्वतःचं करायचं, असं दुहेरी काम या पिढीला करावं लागलं. झेंड्याचंच उदाहरण घ्या. नौदलाच्या निशाणावरचा ब्रिटिश काळातला लाल क्रॉस अलीकडे, २ सप्टेंबर २०२२ रोजी काढला गेला आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून सुचलेली अष्टकोनी चौकट त्यावर आली. चौथीच्या इतिहासात शिवरायांचं आरमार शिकवताना हा धागा जोडता येतो.

कारकीर्दीचा आलेख

आवटी यांनी रणजित, बेतवा, तीर, म्हैसूर आणि कामोर्टा या जहाजांची कमान सांभाळली. यातलं 'रणजित' हे मूळचं ब्रिटिश 'रिडाउट', 'तीर' हे मूळचं 'बॅन' आणि 'म्हैसूर' हे मूळचं 'नायजेरिया'. 'बेतवा' भारतासाठीच बांधलेलं, पण ब्रिटनमध्ये. 'कामोर्टा' मात्र सोव्हिएत रशियाकडून आलेलं. एका माणसानं चालवलेल्या जहाजांची यादी पाहिली तरी देशाचं परराष्ट्र धोरण कसं बदलत गेलं ते दिसतं. सातवी-आठवीच्या मुलांना हा मुद्दा सहज समजतो.

१९७१ चं युद्ध आणि वीरचक्र. १९७१ च्या युद्धात आवटी कॅप्टन होते आणि 'कामोर्टा' त्यांच्या ताब्यात होतं. कामगिरी होती बंगालच्या उपसागरात. आपलं विमानवाहू जहाज 'विक्रांत' तिथं तैनात होतं आणि ४ डिसेंबरपासून त्यावरची विमानं तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार, चितगाव या ठिकाणांवर हल्ले करत होती. विमानवाहू जहाज म्हणजे समुद्रावरचा तरंगता विमानतळ. ते जितकं ताकदवान, तितकाच त्याला पाणबुडीचा धोका मोठा. पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी विक्रांतच्याच शोधात आली होती, ती विशाखापट्टणमजवळ बुडाली. विक्रांतच्या आसपास राहून पाणबुड्यांवर नजर ठेवणं आणि किनाऱ्याची नाकेबंदी करणं यासाठी कामोर्टासारखी छोटी, चपळ जहाजं होती.

नाकेबंदी हा शब्द मुलांना समजावून सांगावा. बंदरातून कुणी बाहेर जाऊ द्यायचं नाही, बाहेरून रसद आत येऊ द्यायची नाही. गावाच्या दोन्ही वेशी बंद केल्या तर गावात काय होईल, असं विचारलं की मुलं बरोबर उत्तर देतात. पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याला समुद्रमार्गे मदतही मिळेना आणि निसटायलाही वाट उरेना. १६ डिसेंबर १९७१ ला त्या सैन्यानं शरणागती पत्करली आणि बांगलादेश मुक्त झाला. या युद्धातल्या कामगिरीसाठी आवटी यांना वीरचक्र मिळालं. युद्धकाळातल्या शौर्यासाठी परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र असा क्रम आहे, हेही इथंच सांगून टाकावं.

त्यानंतर ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, म्हणजे आपण ज्याला एनडीए म्हणतो तिचे, प्रमुख होते. शेवटी मुंबईत मुख्यालय असलेल्या पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून काम करून १९८३ साली व्हाइस ॲडमिरल या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. परमविशिष्ट सेवा पदकही त्यांना मिळालं होतं.

हुद्द्यांची उतरंड (फळ्यावर लिहिण्यासाठी)

नौदलातले अधिकारी खालून वर असे चढतात : सब लेफ्टनंट, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर, कॅप्टन, कमोडोर, रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल, ॲडमिरल.

इथं मुलांचा आणि खरं तर मोठ्यांचाही एक गोंधळ होतो. भूदलातला कॅप्टन आणि नौदलातला कॅप्टन एक नव्हेत. नौदलातला कॅप्टन हा भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा असतो. व्हाइस ॲडमिरल म्हणजे भूदलातला लेफ्टनंट जनरल किंवा हवाईदलातला एअर मार्शल. नौदलप्रमुखाच्या एक पायरी खाली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

निवृत्तीनंतर : विंचुर्णी

बहुतेक चरित्रं निवृत्तीपाशी संपतात. इथं मात्र अर्धी गोष्ट निवृत्तीनंतरच घडते.

एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस मुंबईत किंवा पुण्यात राहिला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. आवटी विंचुर्णीला राहिले. कोकणचा किनारा सह्याद्रीच्या पल्याड, आणि इकडं पावसाची वाट पाहणारी जमीन. आपल्या बालाघाटच्या पट्ट्यातल्या माणसाला हे चित्र वेगळं सांगायला नको. निसर्ग आणि वन्यजीव हाही त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता, त्यावर त्यांनी लेखन केलं. भारताच्या सागरी इतिहासाचा अभ्यास व्हावा म्हणून १९७८ साली मुंबईत सुरू झालेल्या मेरिटाइम हिस्टरी सोसायटी या संस्थेमागेही त्यांचाच पुढाकार होता.

पण त्यांच्या डोक्यात आणखी एक गोष्ट होती. एखाद्या भारतीयानं, भारतात बांधलेल्या शिडाच्या होडीतून, एकट्यानं पृथ्वीला फेरी मारावी.

या कल्पनेला एक जुना संदर्भ आहे. १९६८-६९ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश दर्यावर्दीनं कुठंही न थांबता, एकट्यानं, शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. त्याला ३१२ दिवस लागले. आणि त्याची 'सुहैली' ही ३२ फुटी होडी बांधली होती कुठं? आपल्या मुंबईत, सागवानी लाकडात! होडी इथली, ती बांधणारे हात इथले, आणि विक्रम मात्र दुसऱ्या देशाच्या नावावर. आपल्याकडं कारागीर होते, नौदल होतं, साडेसात हजार किलोमीटरचा किनारा होता. कमी होतं ते एवढंच, की कुणीतरी 'आपणही जाऊ' असं म्हणायचं.

सागर परिक्रमा

१९८३ ला निवृत्त झालेल्या आवटींची ही इच्छा पुरी व्हायला २००९ साल उजाडलं. २००६ साली नौदलानं या मोहिमेसाठी कोण तयार आहे अशी विचारणा केली, आणि कमांडर दिलीप दोंदे पुढं आले. ते नौदलातले पाणबुडे, म्हणजे पाण्याखाली जाऊन काम करणारे अधिकारी. दोंदे ब्रिटनला जाऊन खुद्द नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकले. होडी मात्र परदेशातून आणली नाही. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती बांधली गेली. ५६ फूट लांबीच्या या होडीला नाव दिलं 'म्हादेई'. म्हादेई म्हणजे मांडवी नदीच.

१९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटलटन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनली आणि दक्षिण आफ्रिकेतलं केपटाउन असे चार थांबे घेत ते १९ मे २०१० ला मुंबईत परतले. शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. ते निघाले तेव्हा आवटी ८२ वर्षांचे होते.

मग पुढची पायरी. १ नोव्हेंबर २०१२ रोजी लेफ्टनंट कमांडर अभिलाष टॉमी त्याच म्हादेईतून निघाले. एकटे, आणि या वेळी वाटेत कुठंही न थांबता. ३१ मार्च २०१३ ला त्यांची फेरी पूर्ण झाली. दीडशे दिवस! मुलांना सांगताना असं सांगावं : १५ जूनला शाळा उघडली त्या दिवशी होडीत बसलास, तर थेट नोव्हेंबरात, दिवाळीच्या आसपास उतरायचं. मध्ये ना जमीन, ना दुसरा माणूस.

शिक्षकांनी इथं एक काळजी घ्यावी. 'एकट्याने' आणि 'न थांबता' हे दोन शब्द गाळू नयेत. दोंदे यांचा विक्रम एकट्यानं जाण्याचा आहे, टॉमी यांचा एकट्यानं आणि न थांबता जाण्याचा. एक शब्द सुटला की माहिती चुकीची होते.

तारिणी : सहा जणी आणि त्यांची गावं

आता हा पाठ ज्यासाठी लिहायला घेतला तो भाग. १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून 'तारिणी' नावाची होडी निघाली. तीही दिवाडीलाच बांधलेली. त्यात नौदलाच्या सहा महिला अधिकारी होत्या : वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. त्यांना शिकवलं दिलीप दोंदे यांनी. २१ मे २०१८ ला त्या पृथ्वीला फेरी मारून गोव्यात परतल्या.

या सहा जणी कुठल्या ते बघा. वर्तिका आणि पायल उत्तराखंडच्या, प्रतिभा हिमाचल प्रदेशातल्या कुल्लूची, विजया देवी मणिपूरची, ऐश्वर्या हैदराबादची आणि स्वाती विशाखापट्टणमची. वर्गात भारताचा नकाशा लावा आणि ही ठिकाणं मुलांना शोधू द्या. उत्तराखंड, हिमाचल, मणिपूर, तेलंगणा. या चारही राज्यांना समुद्रच नाही! सहापैकी पाच जणी अशा राज्यांतल्या, जिथून समुद्र दिसत नाही. एकट्या स्वातीच्या गावाला किनारा.

आमच्या वर्गात हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी पटकन म्हणाली, "मग सर, आपलं तर बरंय की, आपल्या राज्याला तरी समुद्र हाय." या वाक्यासाठी सगळा पाठ घेतला असं म्हटलं तरी चालेल.

तारिणी परतली तेव्हा आवटी ९१ वर्षांचे होते. ४ नोव्हेंबर २०१८ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी विंचुर्णीत त्यांचं निधन झालं. स्वतः ते कधी ही प्रदक्षिणा करायला गेले नाहीत. पण त्यांच्यामुळं दोंदे गेले, दोंदेंच्या मागून टॉमी गेले, दोंदेंनी शिकवलेल्या सहा जणी गेल्या. पुढं २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीही तारिणीतूनच फेरी पूर्ण केली. शिक्षकाच्या कामाचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही. आपण ज्या गावाला जाऊ शकलो नाही, तिथली वाट आपण दाखवू शकतो. आवटींनी तेच केलं.

धाराशिव आणि समुद्र : नातं जुनंच आहे

मुलांना वाटतं, समुद्राशी आपला काय संबंध? दोन गोष्टी सांगाव्यात.

पहिली तेरची. आपलं तेर म्हणजे प्राचीन 'तगर'. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात तगरचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, असं वर्णन त्यात येतं. इथला माल गाड्यांतून भडोच बंदरात जाई आणि तिथून जहाजानं पश्चिमेकडच्या देशांत. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या वस्तू बघायला मिळतात. इटलीत पाँपेई इथं सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती आपल्या तेरला सापडली आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा माल समुद्र ओलांडत होता, तेव्हा मुंबई शहर नावालाही नव्हतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्या गावाचं पाणी शेवटी कुठं जातं? तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. नळदुर्गच्या किल्ल्यातून वाहणारी बोरी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णाही बंगालच्या उपसागरालाच. अरबी समुद्र आपल्याला जवळ, पण पाणी मात्र पूर्वेला जातं. ज्या बंगालच्या उपसागरात १९७१ साली 'कामोर्टा' गस्त घालत होतं, तिथंच आपल्या तेरणेचं पाणी पोचतं. नकाशावर निळ्या पेन्सिलीनं ही वाट मुलांना काढू द्या.

वर्गात घेण्याचे उपक्रम

१. पटांगणावर होडी. फक्कीनं ५६ फूट, म्हणजे साधारण १७ मीटर लांबीची म्हादेई आखा. शेजारी ३२ फूट, म्हणजे पावणेदहा मीटरची सुहैली आखा. एका मुलाला एक तासिका होडीत एकट्यानं बसवा. बोलायचं नाही, बाहेर पाय टाकायचा नाही. नंतर त्याला अनुभव लिहायला सांगा. निबंध आपोआप तयार होतो.

२. सागरी मैलाचं गणित. पृथ्वीचा गोल ३६० अंशांचा. प्रत्येक अंशाचे ६० मिनिटे असे भाग. ३६० गुणिले ६० म्हणजे २१,६००. यातल्या एका भागाएवढं अंतर म्हणजे एक सागरी मैल, तो १.८५२ किलोमीटरचा. आता २१,६०० ला १.८५२ नं गुणा. उत्तर येतं सुमारे ४०,००३ किलोमीटर, म्हणजे पृथ्वीचा परीघ! प्रदक्षिणा मान्य व्हायला किमान २१,६०० सागरी मैल का लागतात, ते मुलं स्वतःच शोधून काढतात. सहावी-सातवीच्या दशांश गुणाकाराला याहून चांगलं उदाहरण नाही.

३. तीन टोकं. प्रदक्षिणेत आफ्रिकेचं केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचं केप ल्यूविन आणि दक्षिण अमेरिकेचं केप हॉर्न या तिन्ही टोकांना वळसा घालावा लागतो. विषुववृत्त दोनदा ओलांडावं लागतं. सुएझ किंवा पनामा कालव्यातून जाता येत नाही. पृथ्वीगोलावर दोरा फिरवून मार्ग दाखवा. पृथ्वीगोल नसेल तर चेंडूवर खंड काढा.

४. जहाजांची नावं. कामोर्टा हे निकोबारमधलं बेट, कवरत्ती लक्षद्वीपमधलं, बेतवा ही नदी, म्हैसूर हे शहर. नावं नकाशात शोधा. मग विचारा, आपल्या जिल्ह्याच्या नावानं जहाज काढलं तर काय नाव ठेवाल? आमच्याकडं 'तेरणा' आणि 'नळदुर्ग' या नावांवर जोरदार वाद झाला.

५. विचार करायला लावणारे प्रश्न. (अ) आवटी स्वतः प्रदक्षिणेला गेले नाहीत, तरी यशात त्यांचा वाटा आहे का? कसा? (आ) १९७१ च्या युद्धात बंदरांची नाकेबंदी का महत्त्वाची ठरली? (इ) स्वातंत्र्यानंतर लगेच नौदलाचे प्रमुख भारतीय का होऊ शकले नाहीत? (ई) तुमच्या गावात राहून तुम्ही कुणाला कोणती गोष्ट शिकवू शकाल?

पालकांसाठी चार शब्द

"आमच्या पोराला विहिरीत पोहता येईना, ते काय नौदलात जातंय," असं एक पालक हसत म्हणाले होते. पोहायला तर प्रबोधिनीत शिकवतातच. मुद्दा वेळेवर तयारी सुरू करण्याचा आहे. म्हणून थोडी उपयोगी माहिती.

अधिकारी व्हायचं असेल तर बारावीच्या टप्प्यावर एनडीएची परीक्षा असते. केंद्रीय लोकसेवा आयोग ती वर्षातून दोनदा घेतो. वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या दरम्यान लागतं. नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. म्हणजे दहावीनंतर शाखा निवडतानाच हा विचार करावा लागतो. लेखी परीक्षा इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नाही. त्यामुळं आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांचं इंग्रजी वाचन पाचवीपासूनच वाढवायला हवं. लेखीनंतर काही दिवस चालणारी मुलाखत असते. त्यात घोकंपट्टी चालत नाही. बोलणं, गटात काम करणं, धीर हे बघतात. निवड झाली की प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं.

आपल्या विभागातच, छत्रपती संभाजीनगरला, राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था आहे. दहावीनंतर निवडलेल्या मुलांना तिथं अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून घेतात. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला आहे. लहान वयात पाठवायचं असेल तर सातारच्या सैनिक स्कूलचा पर्याय आहे. देशातलं हे पहिलं सैनिक स्कूल, १९६१ साली सुरू झालेलं. तिथं सहावी आणि नववीला प्रवेश परीक्षेतून घेतात.

मुलींच्या पालकांना विशेष सांगणं. नौदलात महिला अधिकारी १९९२ पासून आहेत. एनडीएचं दारही आता मुलींसाठी उघडलं असून ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलीच्या लग्नाचा विषय घरात निघत असेल, तर तारिणीच्या सहा जणींचा फोटो घरात सगळ्यांना दाखवा.

आणि एक सावधगिरी. नौदल वेगळं आणि मर्चंट नेव्ही वेगळं. मर्चंट नेव्ही म्हणजे व्यापारी जहाजांवरची नोकरी. तीही चांगली आहे, पण तिच्या नावाखाली "दहावी पास, जहाजावर नोकरी, लाखाचा पगार" अशा जाहिराती करून खेड्यातल्या मुलांना लुबाडणारे दलाल पुष्कळ आहेत. शेत गहाण टाकून पैसे भरण्याआधी ती प्रशिक्षण संस्था केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे जरूर तपासा. जमत नसेल तर शाळेत या, आपण मिळून संकेतस्थळावर पाहू.

समारोप

सगळीच मुलं नौदलात जाणार नाहीत आणि जायलाही नकोत. कुणी शेती करील, कुणी दुकान टाकील, कुणी आपल्यासारखं शिक्षक होईल. पण निवड करताना त्यांच्यापुढं चारच वाटा असाव्यात आणि पाचवी वाट कुणी सांगितलीच नाही म्हणून राहून जावी, असं होऊ नये. आवटींची पदं आणि पदकं मुलांनी पाठ केली नाहीत तरी चालेल. निवृत्तीनंतर पंचवीस-सव्वीस वर्षं एकच गोष्ट मनाशी धरून, दुसऱ्यांच्या हातून ती पूर्ण करवून घेणारा एक माणूस आपल्यासारख्याच कमी पावसाच्या भागात राहत होता, एवढं त्यांच्या लक्षात राहिलं तरी पाठ सार्थकी लागला.

४ डिसेंबरला नौदल दिन असतो. त्या दिवसाच्या परिपाठात हा पाठ जरूर घ्या. पटांगणावरची होडी आखायला विसरू नका, आणि मुलांनी काय लिहिलं ते आम्हालाही कळवा.